फुटायला केलेला निशाणा

हिंगोलीच्या औंढा रस्त्याला, टायरच्या दुकानांची रांग संपते तिथं खतीजाबीचा लेथ आहे. हळदीचा हंगाम आला की तिच्या दारात शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम यांची रीघ लागते. कुणाचा ड्रम वाकलेला असतो, तर कुणाच्या कुकरच्या झाकणातून वाफ गळते. एरवी ट्रॅक्टरचे शाफ्ट, बुश, नांगराचे फाळ. पन्नाशीची बाई, अंगात नवऱ्याचा जुना निळा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कशाला पाहिजे?"

साधा बोल्ट मागितला तरी हा प्रश्न. कोणत्या मशीनला लावायचा, मशीन कुणाचं, जुना बोल्ट कुठं आहे, तो दाखवा. ट्रॅक्टरवाले वैतागायचे. "चाची, बोल्ट घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला न्हाई," म्हणायचे. खतीजाबी हसायची न्हाई. जुना बोल्ट हातात येईपर्यंत नवीन कापायची न्हाई.

याला कारण होतं. लेथ मुळात तिच्या नवऱ्याचा, अन्सारचा. अन्सारचा हात सफाईचा आणि स्वभाव भोळा. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस आला, फवारणी पंपाच्या नळ्या करून द्या म्हणाला. अन्सारनं करून दिल्या. माणूस जाताना लोखंडाचा कीससुद्धा गोळा करून घेऊन गेला. पुढं त्या नळ्या गावठी कट्ट्यांमध्ये सापडल्या आणि पोलिसांची गाडी थेट अन्सारच्या दारात आली. त्याचा गुन्हा शाबीत झाला नाही, पण सुटेपर्यंत माणूस अर्धा झाला. तारखा, वकील, लोकांच्या नजरा. शेवटी एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून लेथ खतीजाबीकडं. काम तिनं आधी नवऱ्याच्या सांगण्यावरून केलं, मग त्याच्या डोळ्याच्या इशाऱ्यावरून, आणि मग कुणाच्याही मदतीशिवाय. शंका मात्र तिनं स्वतःच्या बुद्धीनं कमावली होती.

अशा बाईकडं गेल्या वर्षी दिवाळीनंतर स्वप्निल आला.

तिशीतला पोरगा, मूळचा कळमनुरीचा, बोलणं आपल्याकडचं, पायात पुण्याचे बूट. त्यानं एक नकाशा पुढं ठेवला. त्यावर एका पात्याचं चित्र होतं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला सुरीसारखं निमुळतं, मागं तिरकं कापलेलं. अशी पाती चार-चारच्या संचात हवी होती, एकसारखी, केसाचाही फरक नको. वर जिथं कंपनीचं नाव असतं तो कोपरा कात्रीनं कापून टाकलेला.

"कशाला पाहिजे?" खतीजाबीनं विचारलं.

स्वप्निलनं नकाशा सरळ केला. "गारपिटीचं यंत्र आहे, चाची. ढगात सोडायचं. गारा पडायच्या आत ढग फुटतो."

खतीजाबीनं मान हलवली. तिचा भाऊ वसमतकडं केळी करतो. दोन वर्षांमागं गारांनी त्याची बाग अशी झोडपली होती की उभं झाड राहिलं नव्हतं. पोरगा गेल्या गेल्या तिनं भावाला फोन लावला. "असं एक यंत्र येऊन राहिलंय. मीच त्याचे पंख करायला घेतलेत," म्हणाली. भाऊ फोनवर कितीतरी वेळ बोलत राहिला. कुठं मिळंल, कधी मिळंल. तिलाही बरं वाटलं. काम तिनं मन लावून सुरू केलं.

पहिली पाती झाल्यावर ती तपासायला एक पोरगी आली. प्रियदर्शनी तिचं नाव. स्वप्निलबरोबरच काम करायची. पाठीला पिशवी, हातात मापं घ्यायची साधनं. पोरगी कामाची पक्की होती. प्रत्येक पातं उजेडात धरून पाहिलं, दोन बाजूला काढली, बाकीची पसंत केली. चहा पिता पिता खतीजाबीनं सहज विचारलं, "पाण्यात गंजायचं तर न्हाई ना हे?"

"नाही मावशी, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला तर..." प्रियदर्शनी बोलता बोलता थबकली. कप खाली ठेवला. "म्हणजे... खोल विहिरीतल्या पंपाचा भाग आहे हा. पाण्यातच राहणार."

पोरगी निघताना बाद झालेली दोन पाती घेऊन गेली. वर म्हणाली, "कापलेले तुकडे आणि कीस पण एका पोत्यात भरून ठेवा. आम्ही नेऊ. आणि काम चालू असताना वर कापड टाकत जा, मावशी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसायला नको."

ती गेल्यावर खतीजाबी लेथ बंद करून तिथंच बसून राहिली. गारपीट का विहीर? विहिरीत कुठला खारा वारा? आणि कीस कुणी मागून नेतं का? आजवर तिनं पाहिलेल्या गिऱ्हाइकांत कीस नेणारा एकच होता.

घर लेथच्या मागंच. अन्सार खाटेवर बसलेला. तिनं सगळं सांगितलं.

"वापस कर दे," तो म्हणाला. बोलणं अजून अडखळतच होतं. "सब वापस कर. चुप बैठ. अपने को मालूमच नहीं बोलनेका."

"मागल्या वक्ती पण मालूम नव्हतं तुमाला," ती म्हणाली. "माल तर निघून गेला होता. तरी आलेच ना ते? माल गेला म्हणून माणूस सुटत न्हाई."

ती दिवसभर विचार करत राहिली. स्वप्निलचा चेहरा आठवून पाहिला. चांगल्या घरचा वाटत होता. पण तो गोडबोल्याही चांगल्या घरचाच वाटला होता. पोरगी चहा पिऊन कप स्वतः विसळून गेली होती. पण त्यानं काय होतं? पात्याचा आकार तिच्या नजरेसमोरून हलेना. टीव्हीवर सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत गाड्यांवरून जी लांब नळकांडी नेतात, त्यांच्या बुडाशी असेच पंख असतात. हे सरकारचं असतं तर कोपरा कापून कशाला आणलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झालेली सगळी पाती, तुकडे, कीस, नकाशा, सगळं एका पोत्यात भरलं, रिक्षा केली आणि कुणी न बोलावता ठाण्यात गेली. आपण होऊन सांगितलं तर आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

तो साफ चुकला.

साहेबांनी पोतं रिकामं करून घेतलं. एक पातं हातात घेऊन उलटंपालटं केलं, मग तिच्याकडं पाहिलं. "अन्सार लेथवाल्याची बायको ना तुम्ही?"

"व्हय."

"त्याच्यावर आधी केस होती."

"सुटले ते, साहेब. शाबीत झालं न्हाई."

"आणि आता हे." साहेब पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होते. "किती दिवसांपासून करून राहिलात?"

"म्हणून तर घेऊन आले ना! मला संशय आला म्हणून..."

"संशय आला, पण आधी सगळी पाती करून मग आला व्हय?"

संध्याकाळपर्यंत ती बाकावर बसून होती. कुणी पाणी दिलं, कुणी नाव पुन्हा विचारलं, कुणी गावातल्या नातेवाइकांची नावं. स्वप्निलनं दिलेल्या नंबरावर साहेबांनी फोन केला तर तो लागेना. घरी सोडलं तेव्हा लेथच्या शटरला कुलूप लागलेलं होतं, वर लाखेचा शिक्का. अन्सार अंगणात, भिंतीला पाठ लावून बसलेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. ते मान फिरवणं तिला ठाण्यातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जड गेलं.

मग ज्याची भीती होती ते सगळं सुरू झालं. शेजारची रूपाबाई रोज सकाळी अंगणातून हाक मारायची, ती हाक बंद झाली. हळद निघायला अजून अवकाश होता, पण ज्यांनी ड्रम दुरुस्तीला आणून टाकले होते ते येऊन बाहेरूनच घेऊन गेले. एकानं तर जाता जाता ड्रममध्ये हात घालून पाहिला, आत काही ठेवलंय की काय म्हणून. चौकात कुणी म्हणे बॉम्ब सापडला, कुणी म्हणे दुबईहून माणसं येत होती. खतीजाबीला आता येणारा प्रत्येक माणूस खबऱ्या वाटायचा. मोटारसायकल दारावरून हळू गेली तरी ती पडद्याआड व्हायची. स्वप्निल आणि प्रियदर्शनी या दोघांना तिनं मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की शेवटी शिव्या संपल्या.

आठवडा उलटला आणि एका दुपारी दारात जीप थांबली. ठाण्यातले साहेब उतरले आणि त्यांच्यामागून एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. साहेबांनी स्वतःच्या हातानं शिक्का तोडला, कुलूप काढलं. "चौकशी पूर्ण झाली," एवढंच म्हणाले. नजर मात्र शटरवरच. मग गेले.

म्हातारा राहिला. शटर वर करून आत आला, एक उपडा ड्रम पाहून त्यावर टेकला. "मी उत्तमराव," म्हणाला. "औंढ्याच्या अलीकडं आमची शेती. उभा जन्म नौदलात गेला, जहाजावर. स्वप्निल, प्रियदर्शनी माझ्याकडंच काम करतात. तुमाला झालेली सगळी तकलीफ माझ्यामुळं झाली."

खतीजाबी उभीच राहिली. "पाणी देते," म्हणाली, पण हलली नाही. "तुमी पण आता काहीतरी सांगसाल. गारपीट सांगून झाली, विहीर झाली. आता काय?"

"पाती करायला द्यायची परवानगी होती, काय आहे ते सांगायची नव्हती. आता तेवढं सांगायची घेऊनच आलोय." उत्तमरावांनी खाली पडलेला नळीचा एक तुकडा उचलला. "जहाजाला सगळ्यात मोठी भीती कशाची, तर क्षेपणास्त्राची. नव्या जातीचं क्षेपणास्त्र आवाजाच्या पुढं पळतं. आदळतं आधी, आवाज येतो मागून. आणि येतं कसं, तर लाटांच्या डोक्यावरून, असं खालून." त्यांनी तुकडा ड्रमच्या कडेवरून सरकवला. "ते दिसल्यापासून पोरांच्या हातात वेळ किती? तुमी चहाचा एखादा घोट घ्याल, तेवढा. तेवढ्यात ओळखायचं, निशाण धरायचं आणि वरच्या वर फोडायचं."

"मग?"

"मग त्याचा सराव नको? पण सरावाला तसंच पळणारं काहीतरी समोरून यायला पाहिजे. आमी तेच करतो. खोटं क्षेपणास्त्र. पोरांनी फोडायचा निशाणा."

खतीजाबीनं डोळे बारीक केले. "म्हणजे फुटायलाच करायचं?"

"फुटायलाच."

"इतकी केसाची मापं घेऊन?"

"सरळ पळालं न्हाई तर सराव कसला? परदेशातून घ्यायचं म्हटलं तर ते इतकं महाग पडतं, की वर्षाकाठी एखादं उडवताना पण वरच्यांचा हात आखडतो. पोरं नुसती पडद्यावर चित्रं पाहून शिकतात. माझं म्हणणं, इतकं स्वस्त करा की फोडताना कुणाला वाईट वाटू नये. म्हणून शेतात शेड टाकली, म्हणून इथं आलो."

"म्हणजे आमी स्वस्त."

"व्हय," म्हातारा सरळ म्हणाला. "आणि काम बराबर."

तिला हे उत्तर आवडलं का नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही. पण ती समोरच्या स्टुलावर बसली. हातातला कपड्याचा बोळा बाजूला ठेवून तिनं विचारलं, "ते जहाजाकडं येणार. पोरांनी मारलं आणि नेम चुकला, तर?"

"त्यात दारूगोळा नसतो. आणि ते थेट जहाजावर सोडत न्हाईत. बाजूनं जाईल असंच सोडतात. जवळ आलं की आणखी वळतं, पुढं जाऊन समुद्रात पडतं."

"आणि न्हाई वळलं तर?"

उत्तमरावांनी हातातला तुकडा खाली ठेवला. बाहेरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत ते थांबले.

"असं झालेलं आहे," ते म्हणाले. "आपल्याकडं न्हाई, दुसऱ्या एका देशाच्या सरावात. आमी काही अधिकारी पाहुणे म्हणून शेजारच्या जहाजावर होतो. फोडलं त्यांनी बराबर, पण उरलेला सांगाडा त्याच वेगानं पुढं आला आणि जहाजाच्या अंगावर गेला. दारूगोळा नव्हता, तरी आग लागली. एक माणूस गेला. मी दुर्बिणीतून पाहत होतो."

या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच कुणीतरी तिला अशी गोष्ट सांगितली होती जी सांगून त्याचा काहीच फायदा नव्हता. उलट नुकसानच होतं. ती हे काम आताही नाकारू शकत होती.

"हे मला काहून सांगितलं?"

"तुमी विचारलं म्हणून. आणि पाती तुमच्या हातची आहेत म्हणून. ते वळणार त्या पात्यांच्या जोरावर."

ती उठून आत गेली, पाणी आणलं. पण एवढ्यानं मानणारी ती नव्हती. "मला ते सगळं जोडलेलं पाहायचंय," म्हणाली. "पोटात काय आहे, ते पण."

दोन दिवसांनी गाडी आली. तिनं ड्रायव्हरचं नाव विचारलं, गाडीचा नंबर अन्सारकडून पाठ करून घेतला, आणि मगच बसली. शेड साधी होती, पत्र्याची, आजूबाजूला तूर उभी. आत लाकडी घोड्यांवर ते ठेवलेलं होतं. बैलगाडीपेक्षा लांब, पांढरं, आणि तिला वाटलं होतं त्याहून बारीक. बुडाशी ठाण्यातून सोडवून आणलेली तिची चार पाती. तिनं आधी त्यांच्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "खोला."

स्वप्निल पुढं झाला. मान खालीच. त्यानं पोटाजवळचं झाकण काढलं. खतीजाबीनं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वायरी, एक चौकोनी डबा आणि एक गार, जड गोळा लागला.

"हे काय?"

"शिसं, मावशी," प्रियदर्शनी म्हणाली. "खऱ्यात इथं दारूगोळा असतो. तेवढंच वजन पाहिजे, म्हणून शिसं."

खतीजाबीनं नखानं खरवडून पाहिलं. नखाला करडा डाग आला. शिसंच होतं. तिनं हात बाहेर काढला आणि स्वप्निलकडं वळली.

"माझ्या भावाला मी फोन केला होता," ती म्हणाली. "गारांचं यंत्र येऊन राहिलंय म्हणून. त्याची केळी झोपली होती सगळी. तो अजून विचारतो मला, कुठवर आलं म्हणून. त्याला काय सांगू?"

स्वप्निलनं झाकण खाली ठेवलं. "चाची, मला जे सुचलं ते..."

"सांगता येत न्हाई, असं म्हणायचं. सरळ. मी चिडले असते, पण ऐकलं असतं. पुढं कधी तोंडाला येईल ते सांगितलं, तर लेथ बंद."

"तुमच्या भावाला मीच सांगतो," तो म्हणाला. आणि खरंच, त्याच रविवारी तो वसमतला जाऊन आला. भावानं त्याला आधी चार शब्द सुनावले आणि मग जेवू घातलं, असं कळलं.

काम पुन्हा सुरू झालं. गावाला मात्र कुणी काही समजावून सांगितलं नाही. शिक्का निघाला हे लोकांनी पाहिलं, काहून निघाला ते कुणाला माहीत नव्हतं. हळदीचा हंगाम आला तेव्हा निम्मीच गिऱ्हाइकं परत आली. बाकीची हळूहळू आली, कारण त्यांच्या झाकणातून गळणारी वाफ दुसऱ्या कुणाला थांबवता येईना. एक दिवस रूपाबाईनं कुंपणाजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "भाभी, खरं काय करून राहिल्या तुमी आत?"

"सांगता येत न्हाई, रूपा."

रूपाबाईचं तोंड उतरलं. खतीजाबीला तिचा राग आला नाही. "चहा ठेवते, ये आत," म्हणाली. "सांगणार न्हाई, पण बस." रूपाबाई आली. अजून ती पूर्ण विश्वास ठेवत नाही. कापड टाकलेल्या टेबलाकडं तिची नजर जातेच.

उन्हाळ्याच्या शेवटाला समुद्रावर चाचणी झाली. खतीजाबी तेव्हा एका ड्रमची कडी वेल्ड करत होती. फोन वाजला, तिनं काच वर केली. प्रियदर्शनी होती. आवाज फाटलेला, मागं वाऱ्याचा गोंगाट.

"मावशी, दोन्ही उडाली. दुसरं त्यांनी फोडलं, एकदम बराबर!"

"आणि पहिलं?"

"पहिलं चुकलं त्यांचं. फार जवळ येईपर्यंत पकडताच आलं नाही."

"मग ते गेलं कुठं? वळलं का?"

"वळलं, मावशी. बाजूनं निघून गेलं. पार पुढं जाऊन पडलं पाण्यात. कुणाला धक्का नाही. इथं सगळे दुसऱ्याचंच बोलून राहिले, आणि तुम्ही पहिल्याचं विचारता."

खतीजाबीनं फोन ठेवला आणि मागं घरात गेली. अन्सारला सांगितलं. तो ऐकत होता. "टूट गया बोले तो काम खतम?" त्यानं विचारलं.

"खतम कसं? फुटलं म्हणजे अजून लागतील," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. अन्सारही हसला, एका बाजूनं, जसं त्याला जमतं तसं.

आता पुढची चाचणी हिवाळ्यात आहे. उत्तमरावांनी दोघांना किनाऱ्यावर यायचं आमंत्रण दिलंय. "दिसणार काहीच न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "फार आत असतं ते. पण समुद्र पाहून व्हईल." खतीजाबीनं लगेच होकार दिला नाही. गाडी कुणाची, रस्त्यात मुक्काम कुठं, बरोबर कोण कोण, अन्सारला चढता-उतरता येईल का, हे सगळं विचारून घेतलं. दोन उत्तरं तिला पटली नाहीत, ती तिनं बदलून घेतली. मग म्हणाली, "येतो आमी."

तिनं अन्सारसाठी बाजारातून नवी चप्पल आणलीय, मागं पट्टा असलेली, वाळूत पाय निसटू नये म्हणून.